संसारातला प्रीतिधर्म : लक्ष्मीबाई टिळक

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही लक्ष्मीबाई टिळक हे नाव अपरिचित नसते. ‘स्मृतिचित्रे’तील वेचे पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांनी वाचले. त्यांतील मिस्कील विनोदाने वर्गच्या वर्ग हसले आणि परीक्षेत त्यांवर प्रश्नही आले. पण त्या प्रसन्न भाषेमागे केवढे कठीण आयुष्य उभे होते, याची जाणीव बहुधा मोठेपणी होते. स्वतःचा संसार थाटल्यावर, घरातल्या माणसांशी मतभेदाचे प्रसंग आल्यावर तेच पुस्तक पुन्हा उघडले, की विनोदाच्या आड दडलेली एक फार मोठी साधना दिसू लागते. ती साधना प्रेमाची आहे, आणि ती एखाद्या आश्रमात न होता स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीशी आणि जेवणाच्या पानाशी झालेली आहे.

ख्रिस्ती धर्मात प्रीतीला सर्वोच्च स्थान आहे. सर्व आज्ञांचे सार येशूने दोनच गोष्टींत सांगितले : देवावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करावी आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. पुढे पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात या प्रीतीची लक्षणे मांडली. ती सोशीक असते, आपलाच हट्ट चालवीत नाही, झालेल्या अपकारांचा हिशेब ठेवीत नाही आणि सत्यात आनंद मानते, असा त्याचा आशय आहे. प्रार्थनामंदिरात हे वाचणे सोपे असते. परंतु न सांगता घर सोडून जाणारा पती, बहिष्काराच्या भीतीने धास्तावलेले नातलग, परक्या जातीचे भुकेलेले मूल, अशी माणसे दारात उभी राहिली म्हणजे त्या प्रत्येक लक्षणाची किंमत कळते. लक्ष्मीबाईंनी ती किंमत मोजली. त्यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले, तर धर्मग्रंथातील शब्द संसारात कसा उतरतो याचे दर्शन घडते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात सगळे मनू म्हणत. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या मातामहांना फाशी झाली होती. त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांनी सोवळ्याओवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे, आणि स्पर्शास्पर्शाच्या धाकात सारे घर दिवस काढीत असे. माणसापेक्षा विटाळाचा विचार आधी करायचा, हा मनूला बालपणी मिळालेला पहिला पाठ होता. पुढील आयुष्यात त्यांनी हा पाठ किती कष्टाने पुसून टाकला, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचे मोठेपण कळत नाही.

अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले. कवित्व, संस्कृतचे ज्ञान आणि वक्तृत्व हे त्यांचे गुण. संताप, लहर आणि अस्थिरता हे त्यांचे दोष. आज एका गावी नोकरी, तर उद्या दुसऱ्या गावी. घरात पैसा टिकत नसे; कोणी मागितला की हातातला शेवटचा रुपयाही देऊन टाकायचा, आणि संध्याकाळच्या भाकरीची चिंता पत्नीवर सोडायची, असा त्यांचा स्वभाव. कधी रागाच्या भरात, कधी मनाच्या ओढीने ते न सांगता निघून जात. कोवळ्या वयातील पत्नीला सासरच्या शिस्तीत एकटीने दिवस काढावे लागत. अपत्यवियोगाचे दुःखही या दांपत्याने सोसले. तथापि याच लहरी पतीने पत्नीला अक्षरओळख करून दिली. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या या मुलीला वाचता येऊ लागले ते घरातच, रुसव्याफुगव्यांच्या आणि हास्यविनोदाच्या मधल्या वेळात. जोडाक्षरांशी मात्र त्यांचे भांडण पुष्कळ काळ चालू राहिले.

टिळक नागपुरात असताना त्यांचे धर्मविषयक चिंतन वाढत गेले. पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असता आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना बायबलची प्रत दिली. ती वाचता वाचता त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला याची पूर्वकल्पना नव्हती. मुलगा दत्तू त्या वेळी जेमतेम तीनचार वर्षांचा होता.

त्या काळात या वार्तेचा अर्थ काय होता, हे आज समजणे कठीण आहे. पती जिवंत असून संसार संपला होता. सवाष्ण म्हणावे तर पती जातीबाहेर गेलेला, आणि दुसरा कोणताही शब्द तोंडातून काढणे अशक्य. लक्ष्मीबाईंचे मन या आघाताने हादरून गेले. त्यांची थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे पेंडसे यांनी त्यांना आधार दिला. हे कुटुंब जुन्या वळणाचे. बहिष्काराचे भय त्यांनाही होते. तरीसुद्धा लोकापवादाची पर्वा न करता त्यांनी लक्ष्मीबाईंना आणि लहानग्या दत्तूला आपल्या छायेत घेतले. ख्रिस्ती प्रीतीची कथा सांगताना या हिंदू बहिणीचे आणि मेहुण्यांचे स्मरण प्रथम करावयास हवे. पुढे लक्ष्मीबाईंनी परक्यांच्या लेकरांवर जी माया केली, तिचा पहिला अनुभव त्यांनी स्वतः निराधार असताना याच घरात घेतला होता.

पतिपत्नींची ताटातूट जवळजवळ पाच वर्षे राहिली. याच काळात लक्ष्मीबाई कविता करू लागल्या. टिळकांची पत्रे येत राहिली. पत्नी आपल्याजवळ यावी ही त्यांची उत्कट इच्छा होती. परंतु तिने आपला धर्म सोडावा, अशी अट त्यांनी घातली नाही. इकडे लक्ष्मीबाईंच्या मनात संताप होता, मानहानीचे शल्य होते आणि त्या सर्वांखाली पतीविषयीची ओढ जिवंत होती. अखेर त्यांनी नातलगांच्या आधाराची सुरक्षितता सोडून अहमदनगरला पतीकडे जाण्याचा निश्चय केला.

या पुनर्मीलनाविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. पतीचे मत त्यांना पटले नव्हते, आणि त्याने केलेली दुखापतही त्या विसरल्या नव्हत्या. आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी ही सारी व्यवस्था सांभाळून त्या राहू लागल्या. टिळकांनीही तिचा मान राखला. एकाच कुटुंबात दोन धर्म नांदू लागले. मत जुळल्यावर प्रेम करू, असे दोघांपैकी कोणीही म्हटले नाही. मतभेद तसाच ठेवून दोघांनी एकमेकांशेजारी राहणे पत्करले. आपलाच हट्ट न चालविणे हे प्रीतीचे जे लक्षण सांगितले आहे, ते या घरात दोन्ही बाजूंनी पाळले गेले. टिळकांनी पूर्वी केलेल्या चुकीची ही एक प्रकारे भरपाईही होती. पत्नीला न विचारता स्वतःचा मार्ग निवडणाऱ्या या माणसाने आता तिला तिचा मार्ग निवडण्यास पूर्ण अवसर दिला.

त्या अवसराचे फळ लवकरच दिसून आले. नगर आणि राहुरी येथील वास्तव्यात लक्ष्मीबाईंच्या सभोवती निरनिराळ्या जातींतून आलेली ख्रिस्ती माणसे वावरत होती. त्यांच्याशी त्या बोलत, त्यांच्या सुखदुःखांत सहभागी होत. परंतु पाण्याचा प्रश्न आला की हात मागे घेत. ज्याच्या मुलाच्या आजारपणात आपण रात्र जागवितो, त्याच्या हातचे पाणी आपल्याला का चालू नये, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. विचार करता करता त्यांची खात्री पटली, की जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे. ही खात्री पटताच त्यांनी तो भेद सोडला. बाप्तिस्मा अद्याप झालेला नव्हता. धर्म बदलण्याच्या आधीच त्यांनी शेजारी बदलून घेतला, म्हणजे ज्याला आजवर दूर ठेवले त्याला शेजारी म्हणून स्वीकारले.

वडिलांच्या घरी विटाळाच्या भीतीत वाढलेल्या स्त्रीसाठी हे सोपे नव्हते. मन एका क्षणात निर्णय घेते. हात, जीभ आणि घसा यांना बालपणीच्या सवयी विसरायला पुष्कळ अवधी लागतो. म्हणूनच लक्ष्मीबाईंच्या जीवनातील हा बदल कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा ठरतो. समतेचा पुरस्कार करणारे लेख त्या काळीही लिहिले जात होते. लक्ष्मीबाईंनी समता ताटात वाढून घेतली. १९०० साली त्यांनी व दत्तूने बाप्तिस्मा घेतला. पतीचा आग्रह म्हणून नव्हे, तर स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या गतीने त्या ख्रिस्ताकडे आल्या होत्या.

तो काळ भीषण दुष्काळाचा होता. १८९९ – १९०० मधील दुष्काळाने गावेच्या गावे उजाड केली, आणि पाठोपाठ प्लेगचे संकट होतेच. आईबापांविना राहिलेली मुले नगरच्या आसपास भटकत होती. टिळकांचा स्वभाव असा, की असे मूल दिसले की घरी आणायचे. त्या मुलांना न्हाऊमाखू घालणे, त्यांच्या खरजेला औषध लावणे, आहे त्या पिठात आणखी काही भाकऱ्या काढणे, हे काम मात्र लक्ष्मीबाईंचे. करुणेचा उमाळा पतीला येई आणि तिची रोजची निगा पत्नीला राखावी लागे. लक्ष्मीबाई त्यावर कुरकुर करीत, क्वचित रागावतही. पण मुलाच्या पानात भाकरी पडायची राहत नसे. प्लेगच्या साथीत आजारी मुलींच्या शुश्रूषेसाठीही त्या पुढे झाल्या. संसर्गाच्या भीतीने रक्ताची माणसेही दूर सरत होती, अशा वेळी त्या रोग्यांजवळ बसल्या.

टिळकांच्या घरात वाढलेल्या मुलांमध्ये एक नाव मराठी साहित्यात अजरामर झाले. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या मुलाने आपल्या कवितेने सर्वांना चकित केले, आणि पुढे तो बालकवी म्हणून प्रसिद्ध झाला. टिळकांनी त्याला आपल्या घरी आश्रय दिला. हा मुलगा हळवा, मनस्वी आणि चटकन रुसणारा होता. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. तो त्यांच्याशी भांडे, रुसे आणि पुन्हा त्यांच्याच मायेकडे वळे. ख्रिस्ती घरात राहूनही बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. टिळक दांपत्याच्या मायेला धर्मांतराची अट नव्हती. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात बालकवींचा अकाली अंत झाला, तेव्हा या घराने एक मुलगाच गमावला.

टिळकांचा स्वभाव अखेरपर्यंत बदलला नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणाऱ्या ‘देवाचा दरबार’ या कार्याला वाहून घेतले. संकल्प उदात्त होता. पण त्यामुळे नियमित मिळकत थांबली, आणि काटकसरीचा भार पुन्हा गृहिणीवर आला. सोशीकपणा म्हणजे मुकाट सहन करणे, असा अर्थ लक्ष्मीबाईंनी कधीच केला नाही. जे पटत नसे ते त्या तोंडावर बोलून दाखवीत. पतीच्या उधळ्या हाताला वेसण घालण्यासाठी त्या नाना युक्त्या करीत. त्यांच्या घरात वादळे होत आणि ती शमतही. सत्यात आनंद मानणारी प्रीती खोट्या शांततेवर जगत नाही. न बोलता मनात कुढत राहण्यापेक्षा भांडून मोकळे होणे आणि पुन्हा एकत्र जेवायला बसणे, ही लक्ष्मीबाईंच्या संसाराची रीत होती. तिच्यामुळेच तो संसार एवढे धक्के पचवू शकला.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यानंतरच्या सतरा वर्षांत लक्ष्मीबाईंचे व्यक्तिमत्त्व अधिकच फुलून आले. काही काळ त्यांनी मुलाच्या कुटुंबासमवेत कराचीत वास्तव्य केले. महाराष्ट्रापासून दूर, परक्या भाषेच्या मुलखातही त्यांची माणसे जोडण्याची हातोटी कायम राहिली. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे ओवीबद्ध चरित्र लिहावयास घेतले होते. अकरावा अध्याय अर्धवट असतानाच ते गेले. ज्यांना एके काळी जोडाक्षरे लिहिण्याची धास्ती वाटे, त्या लक्ष्मीबाईंनी हे काम हाती घेतले आणि पुढील ६४ अध्याय रचले. अखेरचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहून ग्रंथ पूर्ण केला. ज्या श्रद्धेने एकदा संसार मोडला होता, त्याच श्रद्धेचे महाकाव्य पत्नीने पतीच्या मागे पूर्णत्वाकडे नेले. दुखावल्या मनाने याहून मोठे उत्तर क्वचितच दिले असेल.

देवदत्त पित्याच्या चरित्राची सामग्री गोळा करीत होते. त्यासाठी आईने आठवणी लिहाव्यात, अशी त्यांची विनंती होती. त्या आठवणींतून ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आली. तिचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. मराठी आत्मचरित्रांत तिचे स्थान आजही अढळ आहे. या ग्रंथाकडे प्रीतीच्या दृष्टीने पाहिले असता एक आश्चर्य जाणवते. टिळकांचा राग, लहर, विसरभोळेपणा, न सांगता निघून जाणे, यांतील काहीही लेखिकेने लपविलेले नाही. सर्व घटना स्पष्ट लिहिल्या आहेत. परंतु त्यांची वसुली कोठेही मागितलेली नाही. अपकारांचा हिशेब न ठेवणे म्हणजे ते आठवणीतून पुसून टाकणे नव्हे. घडले ते स्मरणात आहे, पण त्याची टोचणी गेली आहे आणि तिच्या जागी हसू आले आहे, हीच क्षमेची खरी खूण होय. स्वतःच्या चुकांवरही त्या तेवढ्याच मोकळेपणी हसतात. म्हणून पतीवरचे त्यांचे हसणे कधी बोचरे होत नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ज्या परिसरात विटाळाच्या भयाने त्यांचे बालपण आक्रसले होते, त्याच परिसरात जातिधर्माच्या पलीकडे माया करणारी आई म्हणून त्यांनी जगाचा निरोप घेतला. नंतर ‘स्मृतिचित्रे’चा इंग्रजीत अनुवाद झाला आणि त्यांची कथा मराठीच्या सीमेपलीकडे पोहोचली.

आज घराघरांतील मतभेदांचे विषय बदलले आहेत. महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या मराठी कुटुंबांत सून दुसऱ्या भाषेची असते, जावई दुसऱ्या प्रांताचा असतो, मुलांच्या श्रद्धा आईवडिलांच्या श्रद्धांहून वेगळ्या होतात. आधी त्याने आपले मत बदलावे, मग आपण त्याला जवळ करू, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तसा विचार लक्ष्मीबाईंनी केला असता, तर नगरच्या त्या घराचे दार पुन्हा उघडलेच नसते. त्यांनी क्रम उलटा धरला. आधी त्या शेजारी जाऊन राहिल्या, मग भांडल्या, मग विचार केला, आणि जे पटले ते हाताने आचरणात आणले. मत जुळायला पाच वर्षे लागोत की पन्नास, तोवर पान वाढलेले असावे, एवढीच या प्रीतिधर्माची मागणी आहे. ती प्रत्येक घराला, प्रत्येक धर्मात आणि रोजच्या रोज पुरी करता येण्याजोगी आहे.